नावाखाली काय लिहू?

आचल खळीनं चिकट झालेली बोटं फ्रॉकला पुसून स्टुलावर चढली आणि तिनं मोठ्या कागदाची वरची दोन टोकं भिंतीवर दाबून धरली.

"गुरुजी, सरळ हाये का?"

"उजवीकडून जरासं खाली घे. अजून. हां, आता हात फिरव," महादेवराव गुरुजी म्हणाले.

सिंदी रेल्वे या गावात स्टेशनाकडून येणाऱ्या रस्त्यावर गुरुजींचं घर. त्यांच्या ओसरीची भिंत दर रविवारी आसपासच्या मुलांच्या ताब्यात जाई. आठवडाभरात जे पाहिलं, ऐकलं, मोजलं, ते मुलं कागदावर लिहीत आणि तो कागद इथं लावत. नियम एकच, गुरुजी शाळेत शिकवत होते तेव्हापासूनचा. खाली ज्याचं नाव येईल, त्यानं काय केलं तेही नावाखाली यायला हवं. काही केलं नसेल तर नाव नाही. निकेशला ना चित्र काढता येई, ना त्याचं अक्षर कोणाला लागे. मागच्या रविवारी त्याच्या नावाखाली 'शाई सांडली, मग पुसली' असं लिहिलेलं होतं आणि ते दाखवायला त्यानं आपल्या आजोबांना हात धरून आणलं होतं.

आजच्या कागदावर मधोमध, लाल वेलबुट्टीच्या चौकटीत, बातमी होती : 'आपल्या गुरुजींचे नाव डॉक्टर लोकांच्या मासिकात छापून येणार.'

गुरुजी दुसरीकडे बघत असल्यासारखं दाखवत सकाळपासून ती कितीदा तरी वाचून बसले होते.

आचलनं पेन उघडलं. निकेशच्या नावाखाली 'खळ शिजवली' लिहिलं, स्वतःच्या नावाखाली 'चौकट काढली' लिहिलं. मग मान वळवून विचारलं,

"गुरुजी, तुमच्या नावाखाली काय लिहू? काय केलं तुम्ही?"

गुरुजींनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला. तो स्वच्छच होता.

"थांब जराशी. आधी शेंगा खाऊन घ्या सारे."

गुरुजींच्या पत्नी शकुंतलाबाई उकडलेल्या तुरीच्या शेंगांची परात घेऊन दारात आल्याच होत्या.

"गुरुजीले उत्तर नाई सापडलं का शेंगा लवकर निघतात," त्या मुलांना म्हणाल्या.

नाव छापून येणार होतं ते आकांक्षामुळं. आकांक्षा त्यांची जुनी विद्यार्थिनी, याच ओसरीवर कागद चिकटवून मोठी झालेली. आता ती वर्ध्याकडच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात गावांच्या आरोग्याचा अभ्यास करायची. मागच्या हिवाळ्यात ती आसपासच्या गावांतून फिरली. कापूस वेचणीच्या दिवसांत अंगणवाडीतल्या लसीकरणाला लेकरं का येत नाहीत, हा तिचा प्रश्न. गुरुजी तिच्याबरोबर घरोघरी गेले होते. बायकांच्या बैठका या ओसरीवर झाल्या होत्या. तिचा लेख लिहून झाला, तेव्हा तिनं लेखकांच्या नावांत गुरुजींचंही नाव घातलं आणि फोन करून सांगितलं.

त्या संध्याकाळी गुरुजी स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीवर जरा जास्तच वेळ बसले. कापसाचे व्यापारी लक्ष्मणराव त्यांचे रोजचे सोबती.

"म्हंजे आता तुम्ही डॉक्टर झाले म्हणा," लक्ष्मणराव म्हणाले होते. "माह्या गुडघ्याचं काय ते पाहा मंग."

टपरीवरचे सगळे हसले होते. गुरुजीही हसले होते, आणि घरी जाताना त्यांची चाल जराशी ताठ झाली होती. चाळीस वर्षं दुसऱ्यांची नावं हजेरीत पुकारलेल्या माणसाला आपलं नाव एकदा छापलेलं पाहावंसं वाटलं, तर त्यात वाईट काय?

दुपारी आकांक्षाची स्कूटी दाराशी थांबली. मुलं अजून शेंगा सोलत होती.

"गुरुजी, तुमच्या फोनवर मेल आला असन. मासिकवाल्यांचा. नुसतं 'सहमत' दाबायचं हाये. साऱ्या लेखकांनी दाबलं की लेख जाते पुढं."

गुरुजींनी फोन नाकाजवळ धरला आणि एकेका इंग्रजी ओळीखालून बोट नेत वाचलं. सावकाश, खालपर्यंत.

"इथं म्हणते, मी या अभ्यासाची आखणी केली नाईतर माहिती तपासली. लेख लिहाले हात लावला. पुरा लेख वाचला. आणि कोणी काई विचारलं तर जबाब द्याले मी बांधलेला हावो."

"ते सारेच दाबतात, गुरुजी."

"दाबतो ना मी बी. पण आधी मले शिकव. बस खाली."

आकांक्षानं घड्याळाकडं पाहिलं, मग परातीकडं. चपला काढून ती मांडी घालून बसली. तिनं शेंगांचे दोन ढीग केले. एक अशा गावांचा, जिथं लसीकरण सकाळी होत राहिलं. दुसरा अशा गावांचा, जिथं ते दिवे लागायच्या वेळी, बाया वावरातून परतल्यावर ठेवून पाहिलं. एक शेंग म्हणजे एक लेकरू. ज्या लेकराला लस मिळाली ती शेंग इकडं, ज्याची चुकली ती तिकडं. मुलं गुडघ्यांवर रेलून पाहू लागली. दुसऱ्या ढिगातल्या शेंगा भराभर इकडं येऊ लागल्या, तेव्हा आचलनं टाळी वाजवली.

"एक लेकरू कमी भरते," गुरुजी म्हणाले.

सगळ्यांनी निकेशकडं पाहिलं. त्याचे गाल फुगलेले होते.

"खाल्लं यानं," आचल म्हणाली. "आता ते कोणत्या ढिगात मोजायचं, ताई?"

आकांक्षा हसू दाबत म्हणाली, "तशी बी होती काई लेकरं. गाव सोडून गेलेली. ती वेगळी लिहिली. दोन रात्री भांडलो मी आणि माह्या विभागातला कैलास त्याच्यावरून. सारे आकडे त्यानंच मांडले."

"आणि सांजच्याले जास्त आले, ते वेळ बदलली म्हणूनच आले, हे कशावरून?" गुरुजींनी विचारलं. "त्या गावची नर्सबाई घरोघरी फिरणारी असन."

आकांक्षानं शेंगा पुन्हा मिसळल्या आणि पहिल्यापासून सांगितलं. दोन्हीकडची गावं कशी निवडली, नर्सबाया कशा आलटूनपालटून दिल्या, आणि म्हणूनच सरकारनं प्रत्येक तालुक्याला हंगाम पाहून वेळ ठरवू द्यावी, असं लेखाच्या शेवटी कसं म्हटलं आहे. गुरुजींनी तिला तीनदा थांबवलं. चौथ्यांदा त्यांचा चेहरा एकदम उजळला. अडलेलं गणित सुटल्यावर वर्गातल्या एखाद्या पोराचा उजळतो, तसाच.

"समजलं," ते म्हणाले. "अरे वा. पक्कं समजलं."

"मंग दाबा."

"आता सांग, यातलं मी काय केलं?"

आकांक्षा बोटांवर मोजू लागली. "तुम्ही ओसरी दिली. दारोदारी सोबत आले. तुमच्याशिवाय बाया माह्यासंगं बोलल्या नसत्या."

"ते केलं. पण हे ढीग तुम्ही लावले. मले तर ते आज दिसले." त्यांनी एक शेंग उचलून तिच्यापुढं ठेवली. "समजलं नव्हतं तोवर माहं नाव मले शोभत होतं पाह्य. आता समजलं, तर अंगाले मोठं होऊन राह्यलं."

ती थोडा वेळ टरफलं गोळा करत बसली. मग खालच्या आवाजात म्हणाली,

"गजेंद्र सरचं नाव शेवटी जाते, गुरुजी. विभागप्रमुख म्हणून. आमच्याकडच्या साऱ्याच लेखांवर जाते. यातली एक ओळ वाचली नाई त्यांनी. मंग तुमचं काऊन नाई? तुम्ही उन्हातान्हात तरी फिरले."

गुरुजी हसू लागले. इतके, की शकुंतलाबाई आतून डोकावल्या.

"म्हंजे त्यांच्या फुकटात माहं फुकट बसवलं तू. जोडीले."

आकांक्षालाही हसू फुटलं, आणि हसता हसता तिनं डोळ्यांना ओढणी लावली.

गुरुजींनी फोन घेतला आणि 'असहमत' वर बोट ठेवलं. खात्री आहे का, असं फोननं पुन्हा विचारलं. एवढ्या वेळात टपरी, लक्ष्मणरावांचा गुडघा आणि ताठ झालेली आपली चाल त्यांच्या डोळ्यांपुढून गेली.

"दोन खेपा विचारते," ते म्हणाले. "चांगलं शिकवलं कोणीतरी याले." आणि पुन्हा दाबलं.

"आभारात घालते मंग तुम्हाले."

"घाल. काय केलं ते लिहून घाल."

"आणि सरचं? माही नोकरी दरसाल त्यांच्या सहीनं पुढं सरकते."

"ते मी कसं सांगू, बाई." गुरुजींनी भिंतीकडं पाहिलं. "आचलनं मले काई म्हटलं नाई. नुसतं इचारलं. पेन हातात धरून."

आचलला आपलं नाव ऐकू आलं होतं. तिनं बातमीवर काट मारली आणि खाली नवी ओळ लिहिली : 'महादेवराव गुरुजी. ओसरी दिली, सोबत फिरले, शेंगांवरून शिकले.' आकांक्षानं निघताना त्याचा फोटो काढून घेतला.

टपरीवर गुरुजींनी दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं. लक्ष्मणराव बशीतला चहा पिता पिता थांबले.

"काढून टाकलं? स्वतःच?"

"हो."

"आणि त्या पोरांच्या भिंतीवर?"

"तिथं हाये."

पुढच्या रविवारी लक्ष्मणराव पांढरीशुभ्र टोपी घालून ओसरीवर हजर झाले आणि हात मागं बांधून कागदासमोर उभे राहिले. तेवढ्यात गुरुजींचा फोन वाजला. आकांक्षा होती. तिच्या मागं बसस्टँडचा गलका ऐकू येत होता.

"गुरुजी, सरले इचारलं. म्हटलं, तुमच्या नावापुढं काय लिहू?"

"मंग?"

"हातातलं पेन खाली ठेवलं त्यांनी. मले वाटलं, गेली नोकरी. मंग म्हणाले, लेख ठेवून जा." तिला दम लागला होता. "काल बोलावलं. पुरा वाचून आलते. पानापानावर पेन्सिलच्या खुणा. गुरुजी, त्यातल्या दोन जागी माहंच चुकलं होतं. खरंच चुकलं होतं. म्हणाले, हे सुधारू आपण, मंगच पाठवू."

"रागावले का?"

"नाई. चहा मागवला. दोघांसाठी."

फोन ठेवून गुरुजी वळले, तेव्हा लक्ष्मणराव आचलशी बोलत होते.

"पोरी, माहं बी नाव घाल ना खाली. जागा हाये तिथं."

आचलनं पेनचं टोपण काढलं. त्यांना नीट खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"काय केलं तुम्ही?"

लक्ष्मणरावांनी गुरुजींकडं पाहिलं. गुरुजी चष्मा पुसत होते. ओसरीभर आजच्याही शेंगांची टरफलं पडली होती. सिंदीच्या बाजारात ज्यांचा शब्द चालायचा ते लक्ष्मणराव गुडघ्यावर हात टेकून हळूहळू खाली वाकले आणि टोपीला धक्का न लावता एकेक टरफल गोळा करू लागले.

"कोपऱ्यातली बी," आचल म्हणाली आणि पेन हातात धरून थांबली.