मधला तुकडा

"खोळ उलटी करून वाळत घाल," सिकंदर खुर्चीवरून म्हणाला आणि त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

महंमदनं उसवलेल्या गादीची खोळ उलटी केली. डागाची बाजू आत गेली. हे त्याला सांगायची खरं तर गरज नव्हती. नवव्या वर्षी त्यानं पिंजणाला हात लावला, तेव्हा बापानं, सिकंदरनं, पहिला धडा हाच दिला होता. गिऱ्हाइकाची गादी उसवली की काय काय दिसतं, ते पिंजाऱ्यालाच ठाऊक. लहान पोराचं, बाळंतिणीचं, म्हाताऱ्याचं. पिंजाऱ्यानं कापूस बघायचा, डाग बघायचा नाही. सिकंदर नदाफानं चाळीस वर्षं कोल्हापूरच्या पेठापेठांतल्या गाद्या भरल्या, पण एका घरातलं कधी दुसऱ्या घरात नेलं नाही. आता त्याचीच गादी एक दिवसाआड उसवावी लागत होती.

शहात्तर सालच्या माघात त्याला अर्धांगाचा झटका येऊन गेला. हातपाय हळूहळू सुधारले, पण रात्रीची लघवी काही ताब्यात राहिली नाही. महंमद दोनदा उठवून भांडं द्यायचा, तरी बहुतेक वेळा उशीर झालेला असायचा. पहाटे त्याची बायको जरीना पाणी तापवायची. महंमद बापाला पुसून, कोरडी लुंगी नेसवून बसवायचा. म्हातारा पहाटेच्या नमाजाआधी लुंगीला चारचारदा हात लावून बघायचा. अंग पाक नसेल तर नमाज कसली, हा एकच घोर त्याला लागलेला.

सोसणाऱ्याचीही एक हद्द असते. गादी कितीही पिंजली तरी कापसाच्या गुठळ्या राहायच्या, वास जायचा नाही, आणि दुकानाची फळी उघडायला दहा वाजायचे. एकदा भर उन्हात महंमद जरीनाला बोलून गेला, "रोज असा कापूस कुजाय लागला, तर दुकान कवा उघडायचं?" बोलला बायकोला, पण बापाची खुर्ची दोन हातांवर होती.

दुसऱ्याच दिवशी सिकंदरनं जाहीर केलं, की गेल्या रमजानात तापामुळं चुकलेले रोजे तो आता धरणार. चैत्राचं ऊन तापलेलं. जरीनानं नको म्हणून पाहिलं, महंमदनं पावसाळ्यात धरा म्हणून सांगितलं. पण अल्लाचं देणं फेडणाऱ्याला पोरानं-सुनेनं अडवायचं नसतं, हे म्हाताऱ्याला पक्कं माहीत होतं. मग जरीना पहाटे रोज्याआधीच्या सहरीसाठी आणि सांजेला रोजा सोडायला भाकरी, दूध आणि तांब्याभर पाणी त्याच्या खिडकीपाशी ठेवू लागली. नंतर बघावं तर दर वेळी तांब्या रिकामा असायचा.

आणि गादी कोरडी राहू लागली. एक रात्र, चार रात्री, आठ रात्री. दोरीवर खोळ दिसेना, तशी शेजारची बायडाबाई जरीनाला म्हणाली, की म्हाताऱ्याला रोजे लागू पडले बघ. महंमद आठाच्या ठोक्याला दुकान उघडू लागला. तो सुखावला होता. पुढं कितीतरी दिवस त्याला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच, की आपण सुखावलो होतो.

तेराव्या दिवशी जरीना अंगण झाडत होती. गल्लीतलं हिरवं म्हणून जे काही होतं ते करपलेलं, आणि सासऱ्याच्या खिडकीखालची मेंदी मात्र कोवळी फुटलेली. तिनं बोटानं माती उकरली, तर ती ओली लागली. ती तशीच आत धावली. सिकंदरचे ओठ फुटले होते, जीभ टाळूला चिकटत होती, आणि तो तिला शहाजादी म्हणून हाक मारत होता. शहाजादी म्हणजे महंमदची आई. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी म्हाताऱ्याच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. दोन दिवस सलाईन लावावं लागलं. मूत्रपिंडांना मार बसला तो बसलाच. घरी सोडताना डॉक्टरांनी महंमदला बाजूला घेऊन झापलं. दिवसभर पाणी पाजायचं, संध्याकाळनंतर थोडं कमी करायचं, पण बंद कधीच नाही. "अंथरूण ओलं होतंय तोवर तुमचे वडील बरे आहेत असं समजा," ते म्हणाले. "ज्या दिवशी कोरडं राहील, त्या दिवशी आधी मला कळवा."

घरी आल्यावर महंमदनं बापाच्या पायाशी बसून विचारलं, "अब्बा, असं का केलासा?"

"तुझा कापूस कुजतोय," सिकंदर म्हणाला. "मला दिसतंय की."

महंमदला रडू आलं. ते लपवायला त्यानं दाभण घेतलं आणि गादी पुढ्यात ओढली. संध्याकाळपर्यंत त्यानं तिचे तीन तुकडे केले, डोक्याचा, मधला आणि पायाचा. मधले दोन शिवले. एक भिजला की दुसरा घालायचा, म्हणजे सगळी गादी उसवायला नको. खाली मेणकापड, वर बायडाबाईनं न मागता आणून दिलेल्या जुन्या लुगड्याची चौघडी. सिकंदर खुर्चीवरून सगळं बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. "टाका लांब पडलाय. दाट घाल."

महंमदनं टाके उसवून पुन्हा घातले. मग पाण्याचा पेला बापापुढं धरला.

"ओलं हुईल," सिकंदर म्हणाला.

"हूं दे. आपण कापूस बघतो. डाग न्हाय बघत."

सिकंदरनं पेला दोन्ही हातांनी धरला आणि तळापर्यंत प्यायला.

त्यानंतर रोज एक मधला तुकडा दोरीवर दिसू लागला. पावसाळा लागला तशी बाळंतिणीच्या घरासारखी शेगडी पेटली. तिच्यावर टोपली पालथी घालायची आणि टोपलीवर तुकडा वाळवायचा. दुकान दहाला उघडायचं, कधी अकराला. महंमद पुन्हा त्यावर बोलला नाही.

श्रावणातल्या एका पहाटे जरीना नेहमीप्रमाणं शेगडी पेटवत होती. महंमदनं बापाच्या अंगाखाली हात घातला. मध्ये चाचपलं, कडेला चाचपलं. सगळं कोरडं होतं.

"कोरडं हाय न्हवं?" सिकंदरनं विचारलं. त्याचा चेहरा सुजला होता, पापण्या जड झाल्या होत्या, पण आवाजात कितीतरी महिन्यांनी उभारी होती. "आन् पाणी प्यालतो काल. तीन पेलं. जरीनाला इचार."

"व्हय अब्बा," महंमद म्हणाला. "खडखडीत कोरडं हाय."

म्हातारा बसून नमाज पढला. त्या दिवशी त्यानं लुंगीला एकदाही हात लावून बघितला नाही.

महंमद बाहेर आला. त्याचं तोंड बघूनच जरीनानं चपला पायांत घातल्या आणि ती डॉक्टरांकडं निघाली. शेगडीवर टोपली पालथी घातलेली होती. निखारे चांगले फुलले होते, आणि वाळत घालायला काही नव्हतं.