काळ्या काठाचे पत्र

मित्रांनो, मी एक जुने पत्र आहे, काळ्या काठाचे. समोर फाडलेल्या कागदांचा ढीग वाढतो आहे आणि माझी पाचावर धारण बसली आहे. कपाट आवरणाऱ्या बाईंनी मला उचलले, काठ पाहिला आणि चिमटीत धरून लांब केले. माझे नेहमी असेच होते. म्हणून फाडण्याआधी सांगून घेते.

माझा काठ छापलेला नाही. कागदवाला म्हातारा कोरे कागद थोडे थोडे सरकवून एकावर एक मांडायचा. प्रत्येकाची फक्त कड उघडी राहायची, आणि तो श्वास रोखून त्यांवरून शाईचा कुंचला फिरवायचा. थेंब आत ओघळला की कागद बाद. दुःख ताजे असेल तर रुंद काठ, दिवस सरले की अरुंद. माझा रुंद आहे.

एका तरुण सुनेने सासू गेल्यावर आमचा गठ्ठा घेतला. नातेवाइकांना कळवताना ती प्रत्येक पत्र वेगळे लिहायची. कुणाला सासूचे शिवणकाम आठवून, कुणाला तिचे खवचट बोलणे आठवून. वाचणारे रडता रडता हसायचे. शेवटी मी आणि एक काळ्या काठाचे पाकीट तेवढे उरलो.

पुढे ती बाळंत झाली. घरात दुसरा कागद नव्हता, म्हणून तिने अंथरुणातूनच माझ्यावर वडिलांना लिहिले. पाकिटावर पत्ता मात्र नवऱ्याने घातला, आणि तिथेच घात झाला.

वडील घड्याळे दुरुस्त करायचे. पोस्टमनने मला त्यांच्या टेबलावर ठेवले आणि मान खाली घालून गेला. मुलगी बाळंतपणाला टेकलेली, पाकिटाला काळा काठ, वर जावयाचे अक्षर. जावई कधीच पत्र लिहीत नसे. वडिलांच्या तोंडचे पाणी पळाले.

"दादा, उघड ते," त्यांची धाकटी बहीण म्हणाली.

"नको. उघडलं की ती गेली. तोवर आहे."

ते मला घेऊन पेटत्या शेगडीपाशी गेले. माझ्या पोटात आनंदाची बातमी, आणि मला तोंड नाही! कड तापली, गोंद सुटू लागला. मी भीतीने अर्धमेले झाले. तेवढ्यात बहिणीने मला हिसकावून घेतले, उघडले आणि वाचले, "बाबा, मुलगी झाली. नाक तुमच्यावर गेलंय, त्याला माझा इलाज नाही."

वडील मटकन खाली बसले. तरी त्यांचा जीव थाऱ्यावर येईना. "लिहिल्यावर काही झालं असेल तर?" असे म्हणत ते मला खिशात घालून तसेच लेकीकडे निघाले. वाटभर त्यांचा घामेजलेला हात माझ्यावर होता. दार तिनेच उघडले, खांद्यावर बाळ.

"असला कागद पाठवतात का गं?"

"घरात तोच होता, बाबा."

ते खूप रागावले, आणि मग तिथेच उंबऱ्यावर बसून रडले.

मित्रांनो, तेव्हापासून मी लेकीच्या याच घरात आहे. काळा काठ दिसला की अशुभ म्हणून टाकू नका. कुणीतरी जीव ओतून लिहिलेले असते, ते निदान वाचा. पण कुणाला सांगते आहे मी? बाईंनी मला दोन्ही हातांत धरले आहे. कागद ताणला जातो आहे.

बाई, एकदाच उघडा. ती मुलगी तुम्हीच आहात.