शेंब्या लावलेला डायनासोर

तीन दिवस उन्नती बालवाडीतून डबा भरलेलाच परत आणत होती. मधली सुट्टी झाली की भिंतीवरच्या चित्राकडे बघून रडते, असं तिच्या भावनाताई म्हणाल्या. उपाशी राहणाऱ्या मुलीला दिवसभर ठेवून घेता येणार नाही, शनिवारपर्यंत बघू, हेही त्यांनी सांगितलं. सोमवारी मला मिहानमध्ये कामावर रुजू व्हायचं होतं, आणि घरी तिला सांभाळायला कुणी नाही.

चित्रात तीन शिंगांचा डायनासोर होता. मानेमागे सुपाएवढी झालर, पाठीशी धुराचा डोंगर, पायाखाली लाल माती. काढलं होतं शालिकरामजींनी. एरवी ते तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल रंगवतात. शिंगं फार टोकदार झालीत, पोरगी घाबरते, असं मी त्यांना म्हटलं. हा गरीब पालाच खायचा, पण शिंगं कापली तर त्याला ओळखणार कोण, असं त्यांचं उत्तर. तरी थोडा वेळ विचार करून त्यांनी तिन्ही टोकांवर पोळ्याच्या बैलांसारख्या पितळी शेंब्या रंगवल्या. नाकावरच्या शिंगालासुद्धा. माझ्या जिवाला जरा बरं वाटलं.

शुक्रवारी डबा पुन्हा भरलेला.

दुपारी तिला घेऊन मी भिंतीपुढे उभी राहिले. शालिकरामजी शिडीवरून उतरून तिच्यासमोर उकिडवे बसले.

"काहून वं, डबा काहून नाही खाऊन राहिली? शिंगाचं भेव वाटते तुले?"

तिने नाही म्हणून मान हलवली. मग माझी ओढणी धरून हळूच म्हणाली, "त्याचं जेवण नाही झालं."

आठवड्यापूर्वीच आम्ही पोळ्याला कामठीकडच्या गावी गेलो होतो. तिथे माझ्या सासऱ्यांनी, मारोतरावांनी, भुकेल्या नातवंडांना ताटावरून उठवलं होतं. आधी बैलांना पुरणपोळी, मग माणसांना. उन्नतीच्या हातूनच घास दिला होता. आणि इथे शिंगांची तक्रार करून, शेंब्या चढवायला लावून मी त्या डायनासोरचा पक्का बैल करून ठेवला.

"चुकलं माझंच," शालिकरामजी म्हणाले. "जनावर उभं केलं अन् समोर काडी नाही."

ते त्याच्यापुढे हिरवी ज्वारी रंगवायलाच निघाले होते. मी फोनवर शोधून त्यांना दाखवलं, त्याच्या काळच्या रानात नेचे आणि बुटकी ताडासारखी झाडं असत. त्यांनी पोटापर्यंत नेचे वाढवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोपटासारख्या चोचीत एक पान लोंबतं ठेवलं.

त्या शनिवारी मी खिडकीआड उभी होते. सुट्टी झाली. उन्नतीने डबा न उघडताच भिंत गाठली आणि चोचीतलं पान चाचपलं. रंग अजून ओला होता. हिरवं बोट फ्रॉकला पुसून ती जागेवर आली, डबा उघडला, पोळी तोडली. ती संपल्यावर शेजारच्या सौरवच्या डब्यात वाकून बघितलं.

सोमवारी पाठवा, भावनाताई म्हणाल्या, फक्त डबा जरा मोठा द्या.