उंटवाला, मुक्काम बावडा

मी उंटवाला बोलतोय. वीतभर उंचीचा, भाजलेल्या मातीचा, अंगावर पिवळी-हिरवी झिलई. उंट कुठे म्हणाल तर तो नाही. तो वेगळा विकतात.

मी अस्सल जुना नाही, हे आधीच सांगून टाकतो. अस्सल तेराशे वर्षांपूर्वी चीनमध्ये घडले आणि बड्या लोकांच्या थडग्यांत पुरले गेले. मेलेल्या धन्याच्या दिमतीला घोडे, उंट, नोकर नकोत का? त्यातले उंट हाकणारे पश्चिमेकडून आलेले परदेशी. चिनी कुंभाराला त्यांचं भारी नवल. म्हणून त्यानं डोळे खोल नेले, दाढी कुरळी केली आणि नाक तर असं काढलं की बघणाऱ्यानं आधी तेच बघावं. त्याचा राग मला अजून आहे. मी त्यांची नक्कल, चीनमधल्याच शीआन शहरातल्या एका कारखान्यात साच्यातून निघालो.

१९९६ साली बावड्याचा बुद्धघोष साखर कारखान्यांची यंत्रं बघायला चीनला आला. परतताना त्यानं मला विकत घेतलं, पायमोज्यात कोंबलं आणि गावी आणलं. घरी पोचताच प्रवासानं दमून तो झोपला.

त्याच्या आईनं, मालनबाईंनी, मला बाहेर काढलं आणि हात जोडले. चीनहून आला म्हणजे बुद्धाचाच माणूस, असा त्यांचा सरळ विचार. त्यांनी मला बुद्धमूर्तीशेजारी मांडलं. माझ्या उजव्या मुठीला आरपार भोक आहे. त्यात त्यांनी उदबत्ती खोचली. चपखल बसली.

इतक्यात त्यांचे यजमान, अप्पा, शेतावरून आले. छप्पन साली धम्म स्वीकारल्यावर याच माणसानं घरातले झाडून सगळे देव नीरा नदीत सोडले होते.

"ह्यो कुठला देव घरात घेतलास?"

"देव न्हाय. भिक्खू असंल."

"दाढी हाय, पायात बूट हाईत. भिक्खू व्हय ह्यो?" अप्पांनी मला उचललं. "पुन्ना तेच घरात नगं. नीरंत सोडून येतो."

मी घाबरलो. भाजलेली माती पाण्यात विरघळत नाही. नदीच्या तळाशी गाळात पडून राहायचं म्हणजे जिवंतपणी थडगंच.

आवाज ऐकून बुद्धघोष उठला. "अप्पा, देव न्हाय त्यो. उंटवाला हाय, परमुलखातला. थोरामोठ्यांचा चाकर."

"मग मुठीत उदबत्ती कशाची?"

"ती आईनं खोचली. तितं उंटाचा कासरा असायचा."

अप्पांनी उदबत्ती काढली, धोतराच्या सोग्यानं राख पुसली आणि मला दाराच्या उजेडात नेलं.

"चाकराला असा उभाच करत्यात व्हय?"

"व्हय. मी बघितलं ते समदे उभेच व्हते."

अप्पांनी माझ्या मुठीच्या भोकावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "पाटलाच्या ओट्याखाली मीबी असाच उभा ऱ्हायचो. बस म्हणायचं न्हाय कुणी."

मालनबाईंनी हळूच विचारलं, "मग नीरंत न्हाय ना सोडत?"

"पावण्याला कोण पाण्यात सोडतंय?" त्यांनी मला टीव्हीवर ठेवलं. "पर त्याच्या पाया पडू नगंस. बस म्हण."

आता माझा मुक्काम तिथंच. मला उभंच घडवलंय, बसणं या जन्मी जमायचं नाही. तरी रोज सकाळी केर काढताना मालनबाई म्हणतात, "बसा, पावणं." तेव्हा मला फार बरं वाटतं. तुम्ही कधी आलात तर हात जोडू नका. एवढंच म्हणा.