उलटे खिसे

वहिनीने दिराला माफ केलं ते रविवारी चर्चमध्ये, अख्ख्या मंडळीसमोर. पाळकांनी दोघांचे हात एकत्र धरले, बायकांनी डोळे पुसले. माफी द्यायला ती जागा फार सोयीची. तिथे काम करावं लागत नाही. सोमवारी घरच्या लाँड्रीत करावं लागतं, आणि गिऱ्हाइकाच्या खिशातली सोनसाखळी ढापून तुरुंगात जाऊन आलेला माणूस तिथे शेजारीच उभा असतो.

वहिनी त्याची सावलीसुद्धा तपासायची. तो शिट्टी वाजवतोय म्हणजे काहीतरी हाती लागलंय. शिट्टी थांबली म्हणजे लपवतोय.

"अगं, माफ केलंस ना त्याला?" नवरा म्हणाला.

"केलं. पाळत ठेवणार नाही असं कुठे म्हणाले?"

शेवटी तिने बोटातली अंगठी काढली आणि धुवायला आलेल्या पाळकांच्या कोटाच्या खिशात सारली. मुद्दाम पाळकांच्याच. उचलली की मंडळीसकट नवऱ्याचंही तोंड बंद, आणि दीर घराबाहेर.

दिवसभरात ढीग उपसला गेला, कोट तसाच. दुसऱ्या दिवशीही तसाच, अंगठी आतच. वहिनी आणखी बिथरली. हात का लावत नाही? याला वास लागला कसा?

तेवढ्यात पाळकच दारात. "झाला का कोट? दुपारी अंत्यविधी आहे."

"भावोजी!" वहिनी कडाडली. "हा का नाही धुतलात?"

दीर इस्त्री उभी करून आला. "वहिनी, कपडा घेतानाच खिसे झटकून उलटे बाहेर काढायचे, ही पद्धत तुमचीच. सगळ्यांचे खिसे जिभेसारखे लोंबत होते. या एकट्याचे नीट आत. म्हटलं, वहिनी असं विसरायच्या नाहीत. हात लावला तरी मी चोर, नाही लावला तरी चोर."

पाळकांनी खिसा चाचपला. "अंगठी? ही कुठून आली?"

'कामात बोटातून गळली असेल' म्हटलं की संपलं असतं. दीर काही बोलणार नव्हता. त्याचं ऐकणार कोण? तो खाली मान घालून उभा होता, जणू अंगठी त्यानेच ठेवली. ते बघून वहिनीला स्वतःचीच शिसारी आली.

"माझी आहे. मीच ठेवली, यांना पकडायला." मग दिराकडे वळून, "भावोजी, माफ करा मला."

पाळकांचा हात पुढे आला, बहुधा पुन्हा दोघांचे हात धरायला. दिराने आपला मागे घेतला.

"आत्ता नाही, वहिनी. तोंडाने म्हणेन, पण पोटातून येणार नाही. तसली माफी मी खाल्लीय. चव ठाऊक आहे."

"थांबेन मी," वहिनी म्हणाली.

"कोटाला नुसता ब्रश मारून इस्त्री करतो," तो पाळकांना म्हणाला. कोट फळीवर पसरला, आणि इस्त्री उचलण्याआधी दुसऱ्या खिशातही हात घालून बघितलं.

"वहिनींचं काही सांगता येत नाही," तो पुटपुटला.

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिने त्याच्यासाठी पाण्याचा फवारा भरून आणला.