उरलेली लोकर

वाटीच्या निळ्या कडेचा एका जागी टवका उडाला होता, आणि नेमका तिथेच मध चिकटून बसायचा – कितीही घासली तरी. शियाओमान तो नखाने खरवडत होती. नळाचं पाणी गार, बोटं बधिर... खिडकीबाहेर बांबूवर धुकं बसलेलं, आणि त्या धुक्यातून कुठूनतरी फुललेल्या झाडाचा गोडसर वास येत होता, जो या दिवसांत सगळ्या छंतू शहरभर येतो आणि आज तिला अगदी नकोसा झाला होता. वाटी लख्ख झाली. पालथी घातली. मग तिच्या ध्यानात आलं की आज या वाटीचं काही काम नाही.

धाकटं पिल्लू पहाटे गेलं होतं. दूध छातीत उतरलं, म्हणाले. उबेच्या पेटीची काच अजून आतून धुरकट होती, दिवा कुणी बंद केला नव्हता, आणि आतल्या पंचावर एक लहानसा खळगा राहिला होता, भाजलेल्या रताळ्याएवढा.

म्हणजे आता अदलाबदल नाही. डॉक्टरांनी सकाळीच सांगून टाकलं – उरलेलं आईजवळच राहू द्या, हात लावू नका, फक्त लक्ष ठेवा. लक्ष ठेवायचं काम शियाओमानचं.

युनयुनला जुळं झालं त्या रात्री तिने पहिलं उचलून छातीशी घेतलं आणि दुसरं फरशीवर पडून किंचाळत राहिलं, तर तिने त्याच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. पांडाची आई अशीच. दोन झाली तर एक तिचं, दुसरं नसतंच. म्हणून इथली माणसं तिला फसवतात. गजांपाशी वाटी वाजवायची, ती मधाचं पाणी चाटायला आली की एका हाताने तिच्या कुशीतलं काढून घ्यायचं, दुसऱ्या हाताने पेटीतलं सरकवायचं – तिच्याच मुताचा वास चोळलेलं. वाटी रिकामी होते, ती खाली बघते, पिल्लू आहे. झालं. अशी दोघंही आळीपाळीने आईकडे वाढतात आणि आईला पत्ता लागत नाही.

"हिला मोजता येतं ते एकापर्यंत," यान काका म्हणायचे. "पुढं शाळा सुटली बघ हिची." यान काकांचा सगळा जन्म या गजांपुढे गेलेला, आणि हा विनोद ते प्रत्येक मादीवर करायचे. शियाओमान दर वेळी हसायची. हसायची कारण तो विनोद तिला हवा होता... ते कशाला, हे कधी कुणाला सांगितलं नाही.

फोन थरथरला. लिचुन ताई.

"मान, ऐकतेस ना? उद्या सकाळी तिला ऑपरेशनला नेणारेत. डॉक्टर म्हणतो, हृदयात दम नाही, काही सांगता येत नाही."

"मावशीला एवढ्यात नेणार?"

"कुणाची मावशी गं?" पलीकडे ताईचा आवाज चढला, मग दबला, दवाखान्याच्या व्हरांड्यात असणार. "बास कर ना आता. दंड घ्यायला येणारे साहेबसुद्धा म्हातारे होऊन पत्ते कुटत बसलेत. कुणाला भितेस?"

"भीत नाही."

"मग? काल दिवसभर विचारत होती, धाकटी आली का, धाकटी आली का. धाकटी म्हणाली ती. भाची नाही म्हणाली."

"इथं एक पिल्लू गेलंय, ताई. सुट्टी कशी मागू?"

"तुझ्या अस्वलांचं होईल काहीतरी. ये किंवा नको येऊस. पण आलीस तर मावशी म्हणू नकोस. तेवढं नको करूस तिला आज."

शियाओमानने फोन खिशात ठेवला.

दोघींची नावं पंचांगातली – थोरली वसंताच्या पहिल्या दिवशी झाली म्हणून लिचुन. धाकटी झाली तेव्हा गव्हाचा दाणा भरू लागला होता, पुरता भरला नव्हता, म्हणून शियाओमान. नाव आईने ठेवलं आणि महिन्याच्या आत बाळ स्वतःच्या बहिणीला देऊन टाकलं. एका घरात एकच मूल असा सरकारी हुकूम होता; दुसरी मुलगी घरात दिसली असती तर वडिलांची नोकरी गेली असती, सगळ्यांचंच असं व्हायचं, त्यात रडण्यासारखं काही नाही. चहाच्या डोंगरावरच्या त्या बहिणीला मी आई म्हणाले. आणि जी नववर्षाला धुरावलेलं मांस आणि एक स्वेटर घेऊन यायची, चुलीपाशी बसायची, माझ्याकडे फारसं न बघता सूर्यफुलाच्या बिया सोलत राहायची, तिला मावशी. कळलं तेव्हा वय बरंच झालं होतं. शब्द बदलायचा राहून गेला... खरं म्हणजे राहून गेला नाही, मी बदलला नाही. डोंगरावरची आई वारली तेव्हा तो शब्द तिच्याबरोबर मातीत घातला आणि मोकळी झाले.

रागही नव्हता तसा. ज्याची मोजदादच झाली नाही त्याने रागवायचं कुणावर? एक तिचं, दुसरं नसतंच. गजांपुढे बसायला लागल्यापासून हे किती सोपं वाटायला लागलं होतं. बाईला एकापर्यंतच येतं. संपलं.

दुपारी यान काका डबा घेऊन आले. तिखटजाळ शेवया, वर लोणच्याचे तुकडे. "खा. मेलेल्याबरोबर उपास नाही करायचा, इथं रोजचंच आहे ते."

"भूक नाही, काका."

"तोंड बघ आरशात. पेटीतलं बरं दिसत होतं." मग ते स्वतःच खजील झाले, डब्याचं झाकण उगाच उघडझाप करत राहिले. "चुकलं माझं. पडते जीभ."

त्यांचा राग आला नाही. डोक्यात ताई बोलत होती – तेवढं नको करूस तिला – आणि त्या बोलण्याखाली हात आपले कामाला लागले होते, पाणी कोमट झालं, मध पडला, लाकडी चमचा फिरला, हातमोजे चढले. रोजची वेळ झाली होती. शियाओमान वाटी घेऊन गजांपाशी गेली आणि तिने ती वाजवली.

वाजवली तेव्हाच कळलं. मागून यान काका म्हणाले, "अगं ए, काय करतेस?"

पण युनयुन उठली होती. कोपऱ्यातून ती जड पावलांनी आली, पिल्लू तोंडात अलगद धरलेलं, गजांपाशी बसली. वाटीकडे तिने पाहिलं नाही. तिने मान पुढे केली आणि पिल्लू शियाओमानच्या पसरलेल्या तळव्यावर ठेवलं. काढून घ्यावं लागलं नाही. तिने दिलं. गरम, ओलसर, अंगावर काळेपणाची नुसती सावली धरलेलं ते तिच्या हातात वळवळलं, आणि युनयुन तिच्या दुसऱ्या हाताकडे बघायला लागली.

दुसरा हात रिकामा होता.

"परत दे, परत दे लवकर," यान काका कुजबुजले.

तिने तेच पिल्लू आत सरकवलं. युनयुनने ते हुंगलं. एकदा, मग पुन्हा, मानेपाशी, पोटापाशी. चाटलं नाही. ते बाजूला गवतावर ठेवलं, आणि परत गजांना नाक लावून त्या रिकाम्या हाताकडे बघत राहिली. पिल्लू किंचाळायला लागलं. ती हलली नाही. शियाओमानने हात मागे घेतला तर नाक हाताबरोबर सरकलं.

"घे बाई, घे. तुझंच आहे ते," यान काका म्हणाले. आणि मग, शियाओमानकडे न बघता, "मध दिला नाहीस म्हणून अडून बसलीय. बाकी काही नाही."

वाटी तिच्या पुढ्यात होती. भरलेली. तिने तिला तोंड लावलं नव्हतं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी युनयुनने ते ओरडणारं उचललं, कुशीत घेतलं, चाटायला लागली. यान काकांनी श्वास सोडला आणि डॉक्टरांना सांगायला गेले. युनयुन मात्र कोपऱ्यात परत गेली नाही. एकाला पाजत गजांपाशीच बसून राहिली, दुसरं यायचं म्हणून.

म्हणजे दोन आहेत हे तिला माहीत होतं. दर वेळी, वाटी वाजली की... ती फसत नव्हती, देत होती. एक देऊन एक घेत होती. आणि सगळे मिळून तिच्यावर विनोद करत होतो.

शियाओमान खाली फरशीवर बसली. तिला स्वेटर आठवले. लाल, मग मोरपंखी, मग तो भयंकर पिवळा. "लिचुनचा विणला, लोकर उरली, म्हटलं मानला करावा" – दर नववर्षाला तेच वाक्य, बिया सोलता सोलता. उरल्यासुरल्याचं म्हणून मी ते डुकरांना खायला घालताना घालायची, कोपरं फाटेपर्यंत. उरलेल्या लोकरीत टोपी होते. फार तर मोजे. अख्खा स्वेटर होत नाही, बाह्यांसकट, वाढत्या अंगाचा अंदाज धरून. दरवर्षी होत नाही.

हे आधीपेक्षा वाईट होतं. आपल्याला मोजलंच नाही असं वाटायचं, तेव्हा निदान निजता येत होतं. आता ती चुलीपाशी बसून बिया सोलतेय, खाली मान घालून, आणि मी तिच्यासमोरून मावशी, मावशी करत हिंडतेय, आणि ती दर वेळी ओ देतेय.

हातमोजे अजून हातात होते, त्यांना दुधाचा आणि मुताचा वास होता. खिशात फोन होता. यान काका परत यायच्या आत तिने तो मातीत घातलेला शब्द एकदा म्हणून बघायचं ठरवलं, नुसतं ओठांतल्या ओठांत, गजांपलीकडच्या त्या काळ्या डोळ्यांसमोर. तोंड उघडलं. आतून 'मा' आला, आणि पुढे 'य' येतोय की 'वशी' ते तिला कळेना.