भोंग्याच्या गळ्यातली माती

मी एक जुना पितळी भोंगा आहे. मित्रांनो, हे वाक्य मी मनाशी कितीतरी वेळा घोकले होते. पुढचेही पाठ होते. पण काल दुपारी एका टेबलावर माझे तुकडे सुटे झाले आणि माझी गोष्टही सुटी झाली. अजून ती मला जुळवता येत नाही. तेव्हा तुकडे जसे निघाले, तशी सांगतो.

कर्णा

मला उघडणारी बाई बँडची वाद्ये दुरुस्त करते. सगळे तिला मावशी म्हणतात. दुकान म्हणजे एक अरुंद खोली. भिंतीवर चेपलेली वाद्ये टांगलेली, आणि सगळीकडे पॉलिशचा वास.

मला घेऊन आलेली बाई पन्नाशीची होती. तिने मला पिशवीतून काढून टेबलावर जवळजवळ आदळलेच. वडील गेले, भावाने हे माझ्याकडे पाठवून दिले, असे ती म्हणाली. नीट करा आणि ज्याला हवे त्याला देऊन टाका. मला घरात नको.

मावशीने माझा कर्णा फिरवून काढला आणि दारातल्या उजेडात धरला. कडेची दुमड पाहिली, आतले हातोडीचे व्रण पाहिले. हा मोटारीसाठी घडवलेला आहे, आणि तोही वाद्यांच्या कारखान्यात, हे तिने ओळखले. खरे होते. माझ्या शेजारी तेव्हा बँडचे कर्णे ठोकले जात होते. पुढे मी एका डॉक्टरांच्या मोटारीवर मोठ्या तोऱ्यात मिरवलो. मग मावशीला मला गाडीला जोडणाऱ्या पट्टीवरची दुसरी, ओबडधोबड भोके दिसली.

"हा नंतर ट्रकवर गेलाय," ती म्हणाली. "साहेबांकडची नोकरी सुटली, हमाली नशिबी आली."

ती बाई हसली नाही.

मित्रांनो, ट्रक तिच्या वडिलांचा. दवाखान्यांच्या चादरी धुलाईच्या कारखान्यात न्यायच्या आणि धुतलेल्या परत आणायच्या. रस्त्यासाठी त्याच्याकडे विजेचा हॉर्न होता. मी फक्त घरासाठी होतो. माझा कर्णा खिडकीबाहेर, रबरी फुगा आत त्याच्या हाताशी. घराच्या वळणावर तो मला दाबायचा आणि त्याची लहान मुलगी हातातले टाकून धावत बाहेर यायची. एकदा तर अर्धी वेणी तशीच सोडून आली. डॉक्टरांच्या मोटारीवरसुद्धा माझे इतके कौतुक झाले नव्हते.

ती मुलगी म्हणजे हीच बाई.

फुगा

माझ्या फुग्यावर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या. मावशीने एक सोडली. खाली दुसरी. त्याखाली तिसरी. तिचे गुणगुणणे थांबले. वडील हा वाजवायचे का, तिने विचारले.

आणि मग त्या बाईने जे सांगितले ते ऐकून माझे पितळ गार पडले.

तिने वडिलांच्या मनाविरुद्ध लग्न केले. तुझे तोंड बघणार नाही, असे ते म्हणाले. तिचे नवे घर त्यांच्या रोजच्या रस्त्यावर होते. सकाळी ट्रकचा आवाज आला की ती दारामागे जाऊन उभी राहायची, कडीवर हात ठेवून. भोंगा वाजला की लहानपणीसारखे धावत सुटायचे, असे तिने ठरवून टाकले होते. ट्रक दाराशी येऊन हळू व्हायचा. आणि निघून जायचा.

"मुद्दाम हळू करायचे," ती म्हणाली. "मला दाखवायला. बघ, भोंगा आहे, हात आहे, पण वाजवत नाही."

दारामागे ती होती?

रोज?

आम्हाला तर फक्त बंद दार दिसायचे. मला वाटायचे, आत कोणाला आमची पर्वाच नाही. आणि ती वीतभर अंतरावर, कडीवर हात ठेवून...

मित्रांनो, तो मला दाबत होता. एकही सकाळ त्याने चुकवली नाही. पण हे मी ओरडून सांगू कसा? टेबलावर माझा कर्णा एकीकडे पडला होता आणि मी एकीकडे.

मावशीने फुगा पिळून पाहिला, चिरेत नख घातले.

"ताई, पडून राहिलेलं रबर वरून कडक होतं आणि तडकतं. हा फुगा आतून फाटलाय. गळा बंद असताना कोणी जोर लावून दाबत राहिलं, तरच असा फाटतो. फाटला की चिकटवायचा, की परत दाबायचा."

"कोणी?"

"तुम्हीच सांगा. ट्रक दुसरं कोणी चालवायचं का?"

"कोणाला हात लावू द्यायचे नाहीत," ती बाई म्हणाली. आणि स्वतःचेच वाक्य ऐकून तिने फुगा मावशीच्या हातातून घेतला.

गळा

मावशीने माझ्या नळीत तार घातली. टेबलावर वाळलेली माती पडली. ढेकळे, विटेसारखी भाजलेली, आत पोकळ कप्पे. कुंभारीण माशीचे घर.

तिच्या लग्नाच्या महिन्यात इंजिनाचे काम निघाले म्हणून ट्रक अंगणात उभा होता. एक बारीक कमरेची माशी ओल्या मातीची गोळी घेऊन आली, मग परत आली. मी कौतुकाने बघत राहिलो. पाहुणी आली आहे, बिऱ्हाड थाटते आहे. ट्रक निघाला तेव्हा माझा गळा लिंपलेला होता.

तिच्या दाराशी त्याने मला दाबले. मी नुसता आतल्या आत फुगलो. त्याला ते कळले नाही. जन्मभर इंजिनाशेजारी बसून त्याचे कान गेले होते, आणि हे त्याने कोणालाही कळू दिले नव्हते. कोणी काही बोलले की मान हलवून वेळ मारून न्यायचा. रबर जुने झाले म्हणायचा आणि आणखी जोर लावायचा. मग त्या दाराकडे बघायचा. "हट्टी आहे. माझ्यावरच गेलीय," असे मला सांगायचा आणि गिअर टाकायचा.

बाईने एक ढेकूळ उचलले. ते बोटांत चुरले. शेवटी शेवटी बाबांच्या कानाशी ओरडावे लागायचे, असे भाऊ म्हणाला होता, ती हळूच बोलली. तिला ते म्हातारपण वाटले होते. भोंगा वाजत नाही हेच ज्याला कळले नाही, त्याचे बहिरेपण इतके जुने असेल, हे तिच्या मनातही आले नव्हते.

"मी तर त्यांच्या शेवटाला पण गेले नाही, मावशी."

मावशीने हातातली तार खाली ठेवली. तिने स्टूल पुढे सरकवले.

जीभ

माझ्या आत एक पातळ पत्ती असते. ती थरथरते म्हणून मी बोलतो. मावशीने नवी पत्ती कापली, कानसली, बसवली. नवा फुगा चढवला. सगळे आटे फिरवून मला पुन्हा एक केले आणि सवयीने माझा आवाज तपासायला बोटे आवळली.

बाईने तिचे मनगट धरले.

"नका. आत्ता नका वाजवू."

मला कोणाला देऊन टाकायचे, हे मग कोणीच बोलले नाही. बाईने मला पिशवीत घातले नाही. दोन्ही हातांत धरून घरी आणले. मी तिच्या कपाटावर आहे. दुरुस्त आहे. अजून वाजलेलो नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू उघड्यावर असतील तर त्यांच्या तोंडाला फडके बांधा. अधूनमधून गळ्यातून तार फिरवा. एवढे केलेत तरी आमच्यावर उपकार होतील. पण काल दुपारपासून मला एकच दिसते आहे. त्याला ट्रकमधून खाली उतरता येत होते. तिला कडी काढता येत होती. तिघांत हातपाय नव्हते ते एकट्या मला. आणि दोघांनीही ते काम माझ्यावर सोपवले होते.